म्युनिकहून नेपल्स, रोम आणि फ्लॉरेन्स: आधी बंद दिवस पाहा, मग गाडी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीनिमित्त म्युनिकला राहणारं मराठी कुटुंब. नवरा-बायको दोघांकडे जर्मनीचा निवास परवाना, अकरा वर्षांची मुलगी, आणि पुण्याहून दोन-अडीच महिन्यांसाठी येणारे आई-बाबा, दोघंही सत्तरीच्या आसपास. मुलीला २०२६ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शरद सुट्टी आहे. शुक्रवारी संध्याकाळी निघून पुढच्या रविवारी रात्री परतायचं आणि तेवढ्यात इटलीतली ऐतिहासिक ठिकाणं पाहायची आहेत. कागदपत्रं काय लागतील, क्रम कसा लावावा आणि कुठे फसायला होतं?

बहुतेक जण सहलीची आखणी स्वस्त तिकीट दिसेल त्या गाडीपासून किंवा विमानापासून सुरू करतात. इटलीत ते अंगाशी येतं. प्रत्येक ठिकाणाचा बंद दिवस वेगळा, मोफत प्रवेशाचे दिवस वेगळे, आणि मोठ्या ठिकाणी आत जायची वेळ तिकिटावरच छापलेली. म्हणून आधी कागदावर नऊ रकाने आखा, त्यात फक्त अडचणी भरा आणि उरलेल्या जागेत सहल बसवा. तुमच्या आठवड्यातल्या अडचणी बघा:

१ नोव्हेंबर हा रविवार आहे आणि महिन्याचा पहिला रविवारही. त्या दिवशी इटलीतली सगळी सरकारी संग्रहालयं आणि पुरातत्त्व स्थळं मोफत असतात. ऐकायला छान वाटतं, पण कोलोसियमला त्या दिवशी आगाऊ तिकीट मिळत नाही, रांगेत उभं राहून जागेवरच घ्यावं लागतं. नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद. ४ नोव्हेंबर, म्हणजे बुधवार, हा इटलीचा राष्ट्रीय एकता आणि सैन्यदलांचा दिवस, त्या दिवशीही सरकारी ठिकाणं मोफत. शिवाय रोमच्या पियात्सा व्हेनेत्सियावर सरकारी समारंभ असतो, त्यामुळे कोलोसियमकडे जाणारा रस्ता काही वेळ बंद असू शकतो. बुधवारी सकाळी पोपचं जाहीर दर्शन असतं, तेवढा वेळ व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये सहसा जाता येत नाही. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून). फ्लॉरेन्सचं उफ्फित्सी हे चित्रसंग्रहालय सोमवारी बंद.

एवढं भरल्यावर क्रम आपोआप ठरतो. सगळ्यात लांबचं आधी, घराजवळचं शेवटी. शुक्रवारी रात्री म्युनिकहून रात्रगाडीने रोम, तिथून लगेच नेपल्स. शनिवार आणि रविवार रात्र नेपल्सला. रविवारी संग्रहालय, सोमवारी पॉम्पेई (ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं रोमन शहर) आणि संध्याकाळी रोम. रोममध्ये चार रात्री: मंगळवारी कोलोसियम आणि फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक), बुधवार मोकळा, गुरुवारी व्हॅटिकन. शुक्रवारी फ्लॉरेन्स, दोन रात्री, रविवारी बोलोन्या आणि व्हेरोनामार्गे घरी. यात व्हेनिस नाही, पिसाही नाही. सत्तरीच्या माणसांना घेऊन नऊ दिवसांत पाच शहरं करायची म्हणजे स्टेशनं पाहून परत यायचं.

कागदपत्रं

तुम्हा तिघांना वेगळा व्हिसा लागत नाही. जर्मनीचा वैध निवास परवाना आणि वैध पासपोर्ट यांवर इतर शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येतं. दोन्ही सोबत हवेत, नुसतं कार्ड पुरत नाही. मुलीचं कार्ड स्वतंत्र असतं, त्याची मुदत तुमच्यापेक्षा आधी संपत नाही ना ते आजच बघा. परवाना नूतनीकरणाला दिला असेल आणि हातात फक्त फिक्शन्सबेशायनिगुंग, म्हणजे मधल्या काळाचा तात्पुरता दाखला असेल, तर त्यावर कुठल्या चौकटीत खूण आहे ते पाहा. जर्मनीच्या निवास कायद्यातल्या कलम ८१ च्या चौथ्या पोटकलमाची खूण नसेल तर त्या कागदावर जर्मनीबाहेर जाऊ नका, परत येताना अडाल.

आणि परत येताना तपासणी होतेच. शेंगेनमध्ये सीमा नाहीत असं आपण ऐकलेलं असतं, पण ऑस्ट्रियाच्या सीमेवर जर्मनीने २०१५ पासून तपासणी पुन्हा सुरू केली आहे. आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीमार्गे येणाऱ्या गाडीत कुफश्टाइन ते रोझेनहाइमच्या दरम्यान पोलीस चढतात. पासपोर्ट मोठ्या बॅगेत तळाशी आणि बॅग डब्याच्या दुसऱ्या टोकाला, असं करू नका.

आई-बाबांचा व्हिसा जर्मनीचाच काढायचा, कारण नियम जास्तीत जास्त दिवस जिथे राहायचं त्या देशाचा आहे. फक्त अर्जासोबतच्या प्रवास आराखड्यात इटलीचे दिवस स्पष्ट लिहा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी व्हायला हवा. शुल्क माणशी ९० युरो. विमा किमान ३० हजार युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. मुंबईत कधी कधी फक्त जर्मनीचं नाव घातलेली पॉलिसी हातात देतात, ती बदलून घ्या. मध्येच लंडनला मावशीकडे जाऊन येऊ असा बेत असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो आणि शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. एकाच प्रवेशाचा असेल तर लंडनला गेलात की तो संपला. म्युनिकला उतरताना त्यांचे बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतला जाईल, नव्या प्रवेश-निर्गमन प्रणालीत पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी आता ही नोंद होते. परवानाधारक म्हणून तुम्ही तिघं त्यातून वगळलेले आहात, म्हणून रांगा वेगळ्या लागल्या तर आई-बाबा गोंधळणार नाहीत एवढं आधी सांगून ठेवा.

आरोग्याचं: तुम्ही जर्मनीच्या सरकारी विम्यात असाल तर कार्डाची मागची बाजू हे युरोपीय आरोग्य विमा कार्ड असतं आणि ते इटलीत चालतं. मात्र भारतीय नागरिकांसाठी तेच कार्ड स्वित्झर्लंड, डेन्मार्क आणि नॉर्वेत चालत नाही. पुढच्या सहलीसाठी हे लक्षात असू द्या. खासगी विमा असेल तर पॉलिसी वाचा.

नागरिक आणि रहिवासी

तिकीटखिडकीवर सगळ्यात जास्त वाद इथे होतो. इटलीच्या सरकारी संग्रहालयांत १८ ते २५ वयाच्या युरोपीय संघाच्या नागरिकांना २ युरोत प्रवेश आहे. नागरिकांना, रहिवाशांना नाही. जर्मनीत शिकणारा तुमचा चोवीस वर्षांचा भाचा निवास परवाना दाखवून २ युरोचं तिकीट घेऊन गेला तर दारावर अडकेल. फ्रान्समध्ये नेमकं उलटं आहे. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयांत २६ वर्षांखालील रहिवाशांनाही मोफत प्रवेश मिळतो, परवाना दाखवायचा. तेव्हा "युरोपात सवलत मिळते" असं कुणी सांगितलं तर कुठल्या देशात आणि कुठल्या शब्दावर, ते विचारा. १८ वर्षांखालील मुलांना मात्र इटलीच्या सरकारी ठिकाणी राष्ट्रीयत्व न पाहता मोफत प्रवेश आहे. तरी मुलीचं शून्य युरोचं तिकीट तुमच्या तिकिटांसोबतच काढावं लागतं. ते विसरलं तर बाकीचे आत आणि ती बाहेर. व्हॅटिकन हे इटलीचं सरकार नव्हे, तिथे तिला सवलतीचं तिकीट लागेल.

काय कधी काढायचं

पहिली रात्रगाडी. ऑस्ट्रियन रेल्वेच्या नाइटजेटमध्ये बसायची जागा, कुशेट (साधे झोपायचे बर्थ) आणि स्लीपर असे तीन प्रकार असतात. पाच जणांना सहा बर्थचा अख्खा कुशेट कक्ष घ्यावा, परके लोक नसतात आणि हिशेबही बरा पडतो. आपल्या थ्री-टियरसारखीच मांडणी, तेव्हा खालचे बर्थ आई-बाबांना. सुट्टीच्या शुक्रवारी हे कक्ष फार आधी संपतात. म्हणून आराखडा ठरला की ही गाडी लगेच काढून टाका, बाकी सगळं थांबू शकतं.

रोमहून नेपल्सची वेगवान गाडी सुमारे एक तास दहा मिनिटांची. इथे फसगत होते ती अशी: रात्रगाडीचं आणि इटालियन गाडीचं तिकीट वेगळं असतं, त्यामुळे पहिली गाडी उशिरा आली तर दुसरीवर तुमचा काही हक्क राहत नाही. मध्ये अडीच-तीन तास ठेवा, किंवा पुढचं तिकीट बदलता येणाऱ्या 'बेस' दराचं घ्या. 'सुपर इकॉनॉमी' स्वस्त असतं ते परतावा आणि बदल दोन्ही नसल्यामुळे. गाडी स्वतःच उशिरा पोहोचली तर एक तासापासून भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांपासून ५० टक्के भरपाई मागता येते. मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही.

व्हॅटिकनची तिकिटं ६० दिवस आधी खुली होतात, कोलोसियमची ३० दिवस आधी. म्हणजे ३ नोव्हेंबरच्या कोलोसियमसाठी ऑक्टोबरच्या सुरुवातीला संगणकापुढे बसायचं. कोलोसियम आणि पॉम्पेई दोन्हीकडे तिकीट नावाने निघतं आणि दारावर ओळखपत्राशी ताडून पाहतात. आपल्याकडे पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. पासपोर्टवर जसं आहे तसंच भरा. आईचं घरात वापरायचं नाव किंवा माहेरचं आडनाव तिकिटावर टाकलंत तर समजावत बसावं लागेल.

अधिकृत खिडकीवर तिकीट संपलं की शोधयंत्रात वर दिसणारी, नावात 'ऑफिशियल' असलेली संकेतस्थळं तिप्पट दराने तेच तिकीट विकतात. हा प्रकार इतका वाढला की २०२५ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने कोलोसियमच्या तिकिटांच्या साठेबाजीवरून काही कंपन्यांना मिळून सुमारे २ कोटी युरोंचा दंड केला. अधिकृत तिकीट नाहीच मिळालं तर परवानाधारक वाटाड्यासोबतचा दौरा घ्या. पैसे जास्त जातात, पण निदान बदल्यात काही मिळतं.

हॉटेल शेवटी. प्रत्येक शहराचा पर्यटक कर वेगळा, माणशी दर रात्रीचा, आणि तो बहुधा बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो. रोममध्ये हॉटेलच्या दर्जानुसार तो ४ ते १० युरो आहे. दहा वर्षांखालील मुलांना माफ, म्हणजे तुमच्या मुलीला नाही. पाच जण, चार रात्री, हिशेब करून ठेवा. इमारतीला लिफ्ट आहे का ते लेखी विचारा. जुन्या इमारतींत 'दुसरा मजला' म्हणजे उंच छताचे दोन मजले चढून जाणं.

नेपल्स: संग्रहालय आधी, पॉम्पेई नंतर

बरेच जण थेट पॉम्पेईला जातात आणि संग्रहालय वेळ उरला तर पाहतात. उलटं करा. पॉम्पेईच्या भिंतींवरची उत्तम चित्रं, जमिनीवरची मोझेक, भांडी, मूर्ती हे सगळं अठराव्या शतकापासून काढून नेलेलं आहे आणि त्यातलं बहुतेक नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ते आधी पाहिलं तर दुसऱ्या दिवशी उघड्या भिंतींसमोर उभं राहून मनात चित्र भरता येतं. रविवारी मोफत असल्याने गर्दी असेल, पण तिथली गर्दी कोलोसियमसारखी नसते.

मराठी माणसाने तिथे एक वस्तू चुकवू नये. साधारण २४ सेंटिमीटर उंचीची हस्तिदंताची स्त्रीमूर्ती, अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन लहान दासी. १९३८ साली अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात ती पॉम्पेईच्या एका घरात सापडली. तिला 'पॉम्पेई लक्ष्मी' म्हणतात, पण ती लक्ष्मी नसून यक्षी असावी असं आता बरेच अभ्यासक मानतात. मूर्ती भारतात घडली यावर दुमत नाही. तिच्याशी खूप जुळणारी हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाली आहे, आणि तेरच्या लामतुरे संग्रहालयातही त्याच घाटाची मूर्ती आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या घरात सातवाहनांच्या मुलखातली कारागिरी! एका ग्रीक खलाशाने त्याच शतकात लिहिलेल्या प्रवासपुस्तिकेत पैठण आणि तेर, म्हणजे तगर, इथून माल भडोचच्या बंदरात जात असल्याचं नमूद आहे. उलट दिशेचा पुरावा कोल्हापुरात आहे: ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात झालेल्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती, टाउन हॉलच्या संग्रहालयात. बाबांनी ती पाहिली असेल तर नेपल्सची जोडी जुळवून दाखवायला हरकत नाही.

मूर्ती 'गुप्त दालनात' ठेवलेली असते, जिथे रोमन काळातल्या कामुक वस्तू आहेत. लहान मुलांना तिथे मोठ्यांसोबतच सोडतात. मुलीला न्यायचं की आळीपाळीने जायचं ते आधी ठरवा. वस्तू प्रदर्शनांसाठी बाहेर जातात, म्हणून तिकीटखिडकीवर विचारूनच वर चढा.

पॉम्पेईला जायला नेपल्सच्या मुख्य स्टेशनाच्या तळघरातून सर्कुमव्हेसुव्हियाना ही लोकल पकडायची, सोरेंतोच्या दिशेची. उतरायचं स्टेशन 'पॉम्पेई स्कावी – व्हिल्ला देइ मिस्तेरी', साधारण ३५ ते ४० मिनिटं. 'पॉम्पेई' नावाची आणखी दोन स्टेशनं आहेत, एक सरकारी रेल्वेचं आणि एक याच लोकलच्या दुसऱ्या फाट्यावर. त्या फाट्याच्या गाडीत बसलात तर नव्या गावात उतराल. लोकलमध्ये खिसेकापूंची भीती खरी आहे. आपली मुंबईची सवय इथे कामाला येते, सॅक पुढे घ्यायची. मोठ्या बॅगा नेपल्सच्या स्टेशनावर ठेवून या. पॉम्पेईत ३० × ३० × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत.

१ नोव्हेंबरपासून पॉम्पेई संध्याकाळी पाचला बंद होतं आणि शेवटचा प्रवेश साडेतीनला. घड्याळं २५ ऑक्टोबरलाच मागे गेलेली असतील, त्यामुळे अंधारही पाचच्या सुमाराला. सकाळी नऊला दारात असा. संपूर्ण शहर ६६ हेक्टर, त्यातलं साधारण दोनतृतीयांश उकरलेलं. ते सगळं पाहायचा हट्ट धरला की दुपारी दोनला आई-बाबा एखाद्या पायरीवर बसलेले आणि तुम्ही नकाशावर भांडत असलेले, असं दृश्य ठरलेलं. मोठमोठ्या लाव्हाच्या दगडांची फरसबंदी गुडघ्यांची परीक्षा पाहते. पियात्सा आन्फितेआत्रोच्या दाराने 'सगळ्यांसाठी पॉम्पेई' हा तीन किलोमीटरहून लांब सोपा मार्ग सुरू होतो, तो चाकाच्या खुर्चीसाठी केलेला आहे. आई-बाबांनी त्याच मार्गाने निम्मं अंतर करावं. पाणी जागोजागी नळांना आहे, सावली नाही.

काय पाहायचं? मोठ्या देवळांपेक्षा रस्ते. रस्त्यात आडवे ठेवलेले उंच दगड दिसतील, सांडपाण्यात पाय न घालता रस्ता ओलांडायला. त्यांच्यामधल्या फटींतून गाडीची चाकं जात आणि त्यांच्या चाकोऱ्या दगडात उतरल्या आहेत. आपण रोज वापरतो तो 'चाकोरी' हा शब्द मुलीला तिथे उभं करून समजावता येईल. चौकातल्या हौदांच्या कडा पाणी प्यायला टेकलेल्या हातांनी झिजलेल्या आहेत. बेकरीत कमरेएवढी लाव्हाची जाती आहेत. गाढव जुंपून ती फिरवत. एका बेकरीच्या भट्टीत कोळसा झालेले ८१ पाव मिळाले, त्यांतले काही तुम्ही आदल्या दिवशी संग्रहालयात पाहिलेले असतील. माणसांचे जे पुतळे दिसतात ते पुतळे नव्हेत. राखेत शरीर कुजून राहिलेल्या पोकळीत प्लास्टर ओतून काढलेले साचे आहेत, ही रीत ज्युसेप्पे फिओरेल्ली यांनी १८६३ मध्ये बसवली. उद्रेकाची तारीख जुन्या पुस्तकांत २४ ऑगस्ट दिलेली असते. २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरची नोंद सापडल्यापासून ऑक्टोबरकडे कल झुकला आहे.

बाबांचे गुडघे फारच दुखत असतील तर पॉम्पेई सोडून त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं हर्क्युलेनियम करा, बिनधास्त. त्याच लोकलवर आधीचं 'एर्कोलानो स्कावी' स्टेशन, उतारावर दहा मिनिटं चाल. गाव लहान, दोन-अडीच तासांत होतं, आणि जळून कोळसा झालेलं लाकूड, वरचे मजले, दारांच्या चौकटी तिथे पॉम्पेईपेक्षा चांगल्या टिकल्या आहेत. दोन्ही एका दिवसात करू नका.

रोम

कोलोसियमची थंडीतली वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी साडेचार, शेवटचा प्रवेश साडेतीन. मंगळवारी सकाळचा पहिला किंवा दुसरा स्लॉट घ्या. साध्या तिकिटात फोरम आणि पॅलाटाइन टेकडी येते. तळघर किंवा रिंगण हवं असेल तर 'फुल एक्स्पीरियन्स' तिकीट, पण आई-बाबांसाठी ते गरजेचं नाही.

बाहेरून भिंत पाहताना सगळीकडे खळगे दिसतात, गोळ्या लागल्यासारखे. ट्रॅव्हर्टाइनचे दगड चुन्याशिवाय, लोखंडी पकडींनी जोडलेले होते आणि मध्ययुगात लोकांनी ते लोखंड उकरून नेलं. एका बाजूची बाहेरची भिंत नाही ती १३४९ च्या भूकंपात पडली आणि तिचे दगड शहरातल्या इमारतींना गेले. ८० कमानींपैकी ज्या उरल्या त्यांतल्या काहींवर रोमन आकडे अजून वाचता येतात. तिकिटावरचा आकडा आणि कमानीवरचा आकडा जुळवून लोक आपल्या जागी जात, आजच्या स्टेडियमसारखेच.

फोरममध्ये पाटीशिवाय काही कळत नाही ही तक्रार रास्त आहे. एकच इमारत नीट पाहा: अँटोनिनस आणि फॉस्टिना यांचं देऊळ, इसवी सन १४१ चं. खांबांच्या मागे नंतर चर्च उभं राहिलं आणि त्याचं दार आजच्या जमिनीपासून कितीतरी मीटर वर लटकलेलं आहे. ते दार बसवलं तेव्हा जमीन तिथपर्यंत भरलेली होती. त्याखालचं सगळं शहर नंतर उकरून काढलेलं. ही एक गोष्ट लक्षात आली की बाकी फोरम वाचता येतो. कोलोसियमपासून पाच-सात मिनिटांवरच्या सान क्लेमेंते चर्चमध्ये हाच प्रकार जिना उतरत पाहता येतो: वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याखाली चौथ्या शतकातलं, त्याखाली पहिल्या शतकातलं घर आणि रोमन काळातल्या मिथ्रा या देवाचं देवस्थान. खाली ओल आणि पायऱ्या आहेत. बुधवारसाठी हेच ठेवा, त्याला सरकारी मोफत दिवसाशी देणंघेणं नाही.

पॅन्थिऑन या घुमटाच्या प्राचीन रोमन देवळाला २०२३ च्या जुलैपासून तिकीट आहे, सुरुवातीचा दर ५ युरो. घुमट ४३.३ मीटर व्यासाचा, जमिनीपासून उंचीही तितकीच. वरचं भोक उघडं आहे, पाऊस आत पडतो आणि किंचित फुगवट्याच्या फरशीतल्या छिद्रांतून निघून जातो. पाऊस आला तर हॉटेलात न बसता तिकडेच जा.

सेंट पीटर्सच्या घुमटाला ५५१ पायऱ्या. लिफ्टचं तिकीट घेतलं तरी ३२० उरतात, आणि शेवटच्या तिरक्या भिंतीच्या अरुंद जिन्यात मागे फिरता येत नाही. आई-बाबांनी खालीच थांबावं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी किंवा सलवार-कमीजला अडचण नाही, अडतात ते आखूड पँट घातलेले जावई.

फ्लॉरेन्स, आणि कोल्हापूरचे महाराज

शुक्रवारी इटलीत संपाची शक्यता नेहमी जास्त. 'शोपेरो' हा शब्द बातम्यांत दिसला तर गाडी आदल्या दिवशी तपासा. प्रादेशिक गाड्या संपातही कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ चालवाव्या लागतात. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात ठोकून घ्या, मोबाइलवरचं असेल तर चढण्यापूर्वी चेक-इन करा. आसन क्रमांक असलेल्या वेगवान गाडीला हे लागत नाही. दंड पर्यटक म्हणून माफ होत नाही.

उफ्फित्सीची आणि कॅथेड्रलच्या घुमटाची वेळ आधी घ्या. घुमटाला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. ज्यांना चढायचं नाही त्यांच्यासाठी मागचं कॅथेड्रलचं संग्रहालय उत्तम आहे, शिल्पकार गिबेर्तीची मूळ सोनेरी दारं तिथेच आहेत. बाहेर बाप्तिस्तेरीला, म्हणजे कॅथेड्रलसमोरच्या बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीला, लावलेली ती प्रत.

शनिवारी दुपारी काशिने बागेत जा. आर्नो नदीच्या काठची लांबलचक बाग, तिच्या पश्चिम टोकाला मुग्नोने नदी आर्नोला मिळते. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडचा दौरा करून परतताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले, वयाच्या विसाव्या वर्षी. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं आणि तिथे दहनाची रीत नव्हती. खास परवानगी काढून या संगमावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली, आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा रचला. शेजारच्या पुलाला आजही 'पोंते आल्लिंदियानो', भारतीयाचा पूल, म्हणतात, आणि तिथल्या अनेकांना तो भारतीय कोण ते ठाऊक नसतं. ट्राम बागेच्या शहराकडच्या टोकाला सोडते, तिथून अडीच-तीन किलोमीटर चालावं लागतं. आई-बाबांसाठी थेट टॅक्सी करा, आणि परतीची टॅक्सी तिथे उभी मिळत नाही म्हणून त्याच गाडीवाल्याला थांबवून ठेवा. पाचला अंधार पडतो, चारच्या आत पोहोचा.

गाडीने जायचा मोह असेल तर दोनच गोष्टी. भारतीय परवान्यावर जर्मनीत रहिवासी झाल्यापासून सहाच महिने गाडी चालवता येते. आणि फ्लॉरेन्स, रोम दोन्हीच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेलं क्षेत्र आहे, ते कॅमेऱ्याने राखलेलं. हॉटेल शोधत तीनदा फेरी मारली तर तीन दंड होतात, आणि पत्रं काही महिन्यांनी म्युनिकच्या पत्त्यावर येतात, तोपर्यंत आई-बाबा पुण्याला पोहोचलेले असतात.